कांचनाचे पुंकेसर मोजताना

दसरा आला की बाजारात आपट्याच्या नावाखाली सर्रास कांचनाच्या फांद्या खपतात. दुभंगलेलं पान दिसलं की गिऱ्हाईक खूश. वर्गीकरणात मात्र पान वाड्यापर्यंत नेऊन सोडतं. खोली शोधायची ती फुलात.

साहित्य साधंच : चिमटा, दोन सुया, दहापट दाखवणारं भिंग. फूल वाळलेलं असेल तर आधी गरम पाण्यात मऊ करून घ्यायचं. रंगावर भिस्त ठेवायची नाही. हर्बेरियमच्या कागदावर जांभळा, गुलाबी सगळेच तपकिरी पडतात. म्हणून नमुना तोडतानाच रंग टिपून ठेवायचा असतो. पाकळ्या बाजूला सारल्या की पुंकेसर उघडे पडतात. परागकोश असलेले तेवढेच मोजायचे. शेजारचे आखूड, रिकामे तंतू वंध्य. नवखे त्यांनाही हिशेबात धरतात.

तीन भरले तर बहुधा देवकांचन, बाउहिनिया पर्प्युरिया. पाच भरले तर व्हेरिगाटा. ‘रक्तकांचन’ म्हणाल तर लोक दोघांनाही म्हणतात. मग पाकळ्या बघायच्या. देवकांचनाच्या अरुंद, सुट्या. पावसाळा सरल्यावर तो पानांसकट फुलतो. व्हेरिगाटाच्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, आणि फुलतो हिवाळ्याच्या अखेरीस, जवळपास निष्पर्ण होऊन. दहा पुंकेसर निघाले तर पांढरा कांचन, पिवळा कांचन, नाहीतर खुद्द आपटा. आपट्याची फुलं अगदी इवली, फिकट पिवळसर. पान जाडसर, लांबीपेक्षा रुंदच.

एवढं करूनही नाव टिकेलच असं नाही. पत्रावळींना पानं पुरवणारी अजस्र माहूल वेल आता बाउहिनिया राहिली नाही, फानेरा झाली. 2017मध्ये शिंबीकुलाची उपकुलं नव्यानं आखली गेली, तेव्हा कांचनांची अख्खी भावकी सिसॅल्पिनिऑइडीतून उठून सर्सिडॉइडीत गेली. जुन्या नमुन्यावरचं नाव मात्र खोडायचं नसतं. शेजारी नवी चिठ्ठी डकवायची. ही शिस्त मला फार आवडते.

खरी पंचाईत करतो हाँगकाँगच्या ध्वजावरचा कांचन. आपल्याकडेही तो बागांतून लावतात. पाच पुंकेसर, मोठं गर्द जांभळं फूल. 1908मध्ये त्याला स्वतंत्र जाती म्हणून ब्लेकियाना हे नाव मिळालं. 2005च्या जनुकीय अभ्यासात तो देवकांचन आणि व्हेरिगाटा यांचा संकर ठरला. त्याला शेंग धरत नाही, सगळी झाडं कलमांनीच वाढवलेली. त्यामुळे बागेतल्या जांभळ्या फुलात पाच पुंकेसर मोजले, तरी मी आधी झाडावर शेंगा शोधतो. मगच चिठ्ठी लिहितो.