सेन्सर बदलण्याआधी कपलर उघडा

मागच्या भागात कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर पाहिला. त्याचा धाकटा भाऊ एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवर कुठेतरी बसलेला असतो आणि आत शिरणाऱ्या हवेचं तापमान सांगतो. थंड हवा दाट असते, म्हणून तिला इंधनही जास्त लागतं. सेन्सरचा निरोप चुकला की हिशेब चुकतो आणि मार ॲव्हरेजला बसतो.

न्हावा शेव्याला हा निरोप बिघडायला सेन्सरच लागतो असं नाही. बंदरात पाळीवर येणाऱ्यांच्या गाड्या तासन् तास उघड्यावर उभ्या. एका अंगाला खाडी, उरणकडे मिठागरं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कपलरचं रबरी सील सैल झालं असेल तर पिनांवर हिरवट बुरा धरतो. तो बुरा म्हणजे वाटेतला जादा रेझिस्टन्स.

अनेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या बॉशच्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ३० अंशांना १,७००, तर ८० अंशांना जेमतेम ३२० असतो. उष्णता वाढली की आकडा उतरतो. आता बाहेर ३० अंश आहेत आणि बुऱ्याने ८०० ओहमची भर घातली, तर ईसीएमला २० अंशच दिसणार. उरणला भर मे महिन्यात महाबळेश्वर! शिवाय हा आकडा अशक्य नसल्याने चेक लाइट पेटेलच असं नाही.

म्हणून तपासणी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर करा. स्कॅनरवर हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. तफावत असेल तर इग्निशन बंद करून कपलर काढा, पुन्हा चालू करा आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांत व्होल्टेज बघा. साधारण ५ व्होल्ट हवेत. बॉडी अर्थला धरून ५ मिळतात, पण दोन पिनांत मिळत नाहीत, तर सेन्सरची अर्थ वायर तुटली. कुठेच मिळत नाहीत, तर सिग्नलची वायर तुटलेली किंवा अर्थला चिकटलेली; उंदरांनाही या वायरी फार आवडतात.

कपलर सुटा असताना स्कॅनर उणे ४० च्या आसपास दाखवतो. त्याच दोन पिना बारीक वायरने जोडल्या की आकडा शंभराच्या बराच वर उडाला पाहिजे. उडाला, तर ईसीएम आणि वायरिंग ठीक. मग सेन्सरचे ओहम मोजा. मात्र चार-पाच वायरींचा कपलर असेल तर हा सेन्सर दुसऱ्या सेन्सरच्या पोटात असतो. तिथे वायरिंगचा नकाशा हाती असल्याशिवाय पिना जोडू नका.

आणि मीटरची सुई वायरच्या आवरणात खुपसू नका. पुण्यात ते खपून जाईल. इथे त्या भोकातून खारं पाणी आत शिरतं आणि तांबं आतून सडतं.