लहान व्यावसायिक आणि जीएसटीचे विवरणपत्र

रत्नागिरी जिल्ह्यात धंदा म्हटला की पूर्वी बाजारपेठेतील पिढीजात दुकाने डोळ्यांसमोर येत. आपल्या घरांतील माणसे मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा सरकारी नोकरीत असत. आता हे चित्र बरेच बदलले आहे. मिरजोळे एमआयडीसीत कोणी फॅब्रिकेशनचे वर्कशॉप घातले आहे, लांजा-राजापूरकडे कोणी काजू फोडण्याचा लहान कारखाना चालवितो, कोणी जिल्हा परिषदेची बांधकामे घेतो, तर कोणाचा मंडप-डेकोरेशनचा किंवा केटरिंगचा व्यवसाय आहे. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. परंतु यांतील बहुतेक जण धंद्यात उतरलेली पहिलीच पिढी आहे. व्यापारी घराण्यातील मुलाला जमाखर्च घरातच शिकायला मिळतो. आपल्या तरुणाला काम उत्तम येते, पण हिशेब आणि कर यांबाबत विचारावे असे घरात कोणी नसते. त्यामुळे पुष्कळदा धंदा मालाने किंवा मेहनतीने बुडत नाही, तर न भरलेल्या एका कागदाने अडतो. तो कागद म्हणजे जीएसटीचे विवरणपत्र, व्यवहारातील शब्दात 'रिटर्न'. त्याची माहिती सोप्या भाषेत द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

विक्रीकरापासून जीएसटीपर्यंत

आपल्याकडे १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याखाली अनेक वर्षे विक्रीकर होता. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात त्याच्या जागी मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, लागू झाला. पूर्वी चलन बँकेत आणि विवरणपत्र कार्यालयात, असा प्रवास करावा लागे. आता नोंदणी, विवरणपत्र, कराचा भरणा, नोटीस आणि तिचे उत्तर हे सारे इंटरनेटवरील जीएसटी पोर्टलवर होते. खेड्यातील माणसाची रत्नागिरीची फेरी वाचली, हा फायदा खरा. परंतु कार्यालयातील कारकून निदान तोंडी सांगत असे की, बाबा, तुझा कागद राहिला आहे. संगणक तारीख उलटली की विलंब शुल्क मोजू लागतो, आणि नोटीसही पोर्टलवर व ई-मेलवरच येते. ती उघडून पाहिली नाही, म्हणून मिळाली नाही असे होत नाही.

नोंदणी कोणाला लागते?

केवळ मालाची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा जास्त झाली, किंवा सेवा देणाऱ्याची २० लाखांपेक्षा जास्त झाली, तर महाराष्ट्रात नोंदणी आवश्यक होते. मात्र राज्याबाहेर माल विकणाऱ्याला ही सवलत सर्वसाधारणपणे नाही. रत्नागिरीचा माल मुंबईला गेला तर तो राज्यातच राहतो. तोच गोव्याला किंवा बेळगावला विकला तर पहिल्या बिलापासून नोंदणी लागते. आपल्या बागेतील आंबा विकणाऱ्या शेतकऱ्याला किंवा फक्त ताजी मासळी विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही.

नोंदणीसाठी सरकारी शुल्क नाही. पॅन, आधार, छायाचित्र, धंद्याच्या जागेचा पुरावा आणि बँक खाते एवढे लागते. मिळणारा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे आपला पॅन. पुरवठादाराच्या बिलावरील क्रमांक २७ ने सुरू होतो की नाही, एवढे पाहिले तरी तो कोणत्या राज्यात नोंदलेला आहे हे कळते.

दोन मार्ग

नोंदणी घेतल्यावर लहान व्यावसायिकापुढे दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग कंपोझिशन योजनेचा. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी किंवा उत्पादक एकूण १ टक्का आणि हॉटेलवाला ५ टक्के कर भरून मोकळा होतो. ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यवसायाला हा दर ६ टक्के आहे. दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ भरून कर द्यायचा आणि वर्षातून एकदा जीएसटीआर-४ द्यायचे; त्याची मुदत आता ३० जून आहे. यात लिखापढी थोडी असते. पण ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. किरकोळ दुकानदाराला हा मार्ग सोयीचा. सरकारी कामे घेणाऱ्याने किंवा मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्याने मात्र विचार करूनच तो धरावा, कारण त्या ग्राहकांना आपल्या बिलावर वजावट मिळत नाही.

दुसरा मार्ग नेहमीच्या नोंदणीचा. यात दोन विवरणपत्रे असतात. जीएसटीआर-१ मध्ये आपण केलेल्या विक्रीची बिले दाखवायची आणि जीएसटीआर-३बी मध्ये एकूण कर, खरेदीची वजावट आणि बाकी भरणा. दरमहा भरणाऱ्याला पहिल्यासाठी पुढील महिन्याची ११ तारीख आणि दुसऱ्यासाठी २० तारीख असते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना १ जानेवारी २०२१ पासून तिमाही विवरणपत्राची सोय आहे. त्यात जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेपर्यंत आणि ३बी महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत द्यावे लागते.

तिमाही सोय घेतली तरी कर मात्र दरमहा भरायचा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ या चलनाने भरावा लागतो. प्रत्यक्ष हिशेब करून भरता येतो, किंवा मागील तिमाहीत रोख भरलेल्या कराच्या ३५ टक्के रक्कम भरली तरी चालते. समजा, मागील तिमाहीत वर्कशॉपने १८,००० रुपये रोख कर भरला. मग या तिमाहीत पहिल्या दोन महिन्यांचे प्रत्येकी ६,३०० म्हणजे १२,६०० रुपये भरायचे. तिमाहीअखेर एकूण देणे २०,००० निघाले, तर उरलेले ७,४०० विवरणपत्राबरोबर भरले की हिशेब पुरा झाला. ज्यांच्याकडे नेट बँकिंग नाही त्यांना एका कालावधीत १०,००० रुपयांपर्यंतचे चलन बँकेच्या खिडकीवर रोख भरण्याचीही सोय आहे.

वजावट कशी मिळते आणि कशी जाते?

वर्कशॉपवाल्याने ३ लाखांचे काम केले आणि १८ टक्क्यांनी ५४,००० रुपये कर लावला. त्याने लोखंड व इतर माल घेताना ३६,००० रुपये कर दिला असेल, तर सरकारला फक्त १८,००० द्यायचे. परंतु ही वजावट नुसते बिल हाती असून मिळत नाही. पुरवठादाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये आपला क्रमांक घालून दाखविले पाहिजे. ते दाखविले की नाही, हे दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या पत्रकात दिसते. तिमाही भरणाऱ्यासाठी ते तिमाहीचे निघते. म्हणून कर भरण्यापूर्वी आपली खरेदीची बिले त्या पत्रकाशी ताडून पाहावीत. बिल दिसत नसेल तर त्या दुकानदाराला त्याच आठवड्यात फोन करावा. वर्ष संपल्यावर पुढील ३० नोव्हेंबरनंतर त्या वर्षाची राहिलेली वजावट घेता येत नाही.

आपल्या जिल्ह्यातील तीन गोष्टी येथे सांगितल्या पाहिजेत.

पहिली काजूची. नोंदणीकृत कारखानदार शेतकऱ्याकडून कच्ची काजू बी घेतो, तेव्हा तिच्यावरील कर शेतकऱ्याने नव्हे तर कारखानदाराने स्वतः भरायचा असतो. तो वजावटीतून न वळविता रोख भरावा लागतो आणि नंतर त्याची वजावट मिळते. ही खरेदी विवरणपत्रात दाखविली नाही, तर पुढे व्याजासह मागणी निघते.

दुसरी ठेकेदारांची. अडीच लाखांपेक्षा जास्त रकमेच्या कामाच्या बिलातून सरकारी खाते किंवा जिल्हा परिषद २ टक्के जीएसटी कापून घेते. हे पैसे बुडालेले नसतात. पोर्टलवर जाऊन ती कपात मान्य केली की रक्कम आपल्या रोख खात्यात जमा होते आणि कर भरण्यास वापरता येते. दहा लाखांच्या कामावर हे २०,००० रुपये होतात. मान्यता न दिल्यास ते तसेच पडून राहतात.

तिसरी पुराची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. मालाबरोबर वह्या आणि बिलेही गेली. अशा वेळी पोर्टलवर भरलेली विवरणपत्रे हीच आपल्या व्यवहाराची शिल्लक नोंद असते. मात्र नष्ट झालेल्या मालावरील वजावट कायद्याने परत करावी लागते. म्हणून विमा उतरविताना आणि नुकसानीचा पंचनामा करून घेताना या कराचाही हिशेब धरावा.

धंदा शून्य, तरी विवरणपत्र हवे

सर्वांत जास्त नुकसान होते ते या एका गैरसमजाने. पावसाळ्यात कामे बंद असतात, विक्री नसते, मग कसले रिटर्न, असे वाटते. विक्री शून्य असली तरी शून्याचे विवरणपत्र द्यावेच लागते. ते नोंदणीकृत मोबाईलवरून १४४०९ या क्रमांकावर संदेश पाठवूनही देता येते. शून्य विवरणपत्राला उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये विलंब शुल्क आहे. कर असेल तर दिवसाला ५० रुपये. दीड कोटीपर्यंत उलाढाल असल्यास एका विवरणपत्रामागे कमाल २,००० रुपये. शिवाय उशिरा भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

पण दंड ही लहान गोष्ट आहे. सलग दोन कालावधींची विवरणपत्रे राहिली तर माल पाठविण्यासाठी लागणारे ई-वे बिल निघत नाही. मासिक भरणाऱ्याने सलग सहा महिने किंवा तिमाही भरणाऱ्याने सलग दोन तिमाह्या विवरणपत्र दिले नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. नोंदणी गेली की टेंडर भरता येत नाही, ग्राहक बिल स्वीकारीत नाही आणि कर्जासाठी बँक मागते ती विवरणपत्रेही दाखविता येत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदी करण्याची तरतूद आहे. अशा तरतुदीचा लाभ ज्याचे कागद चालू आहेत त्यालाच होतो.

रोहित एंटरप्रायझेस या फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या लहान व्यवसायाचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. कोरोनाच्या काळातील अडचणींत विवरणपत्रे राहिली आणि २०२२ मध्ये नोंदणी रद्द झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने राहिलेली विवरणपत्रे, कर, व्याज व शुल्क भरण्याच्या अटीवर नोंदणी पुन्हा चालू करण्याचा आदेश दिला. नोंदणी बंद ठेवल्याने माणसाच्या उपजीविकेच्या हक्कावर घाला येतो आणि सरकारलाही महसूल मिळत नाही, असा त्यामागील विचार होता. हा निकाल दिलासा देणारा खरा. पण उच्च न्यायालयाची पायरी चढणे प्रत्येकाला शक्य नसते. नोंदणी रद्द झाल्याचे कळताच, आदेशापासून ९० दिवसांच्या आत, राहिलेली सर्व विवरणपत्रे भरून पोर्टलवरच पुनःस्थापनेचा अर्ज करावा. मुदत उलटून तीन वर्षे झाल्यावर ते विवरणपत्र भरताच येत नाही, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये झालेली आहे.

ज्यांना धंदा कायमचा बंद करायचा आहे त्यांनी तो नुसता सोडून देऊ नये. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा आणि त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र द्यावे.

किल्ली आपल्या हाती

कर सल्लागाराकडून काम करून घेण्यात काहीच गैर नाही. पण नोंदणी करताना मोबाईल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा. विवरणपत्र पक्के करण्याचा एकवेळचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, त्याच मोबाईलवर येतो आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्यात तो सहीइतकाच महत्त्वाचा असतो. क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर विवरणपत्र भरले की नाही, नोटीस आली की नाही, हे मालकालाच कळत नाही. सल्लागाराला पैसे दिल्यावर भरल्याची पोच मागून घ्यावी आणि महिन्यातून एकदा स्वतः पोर्टल उघडून पाहावे. इंग्रजीची अडचण वाटत असेल, तर घरातील वाणिज्य शाखेच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे. शंका असल्यास १८००-१०३-४७८६ या मदत क्रमांकावर विचारता येते.

याचबरोबर, थोड्या पैशांच्या लोभाने किंवा नोकरी, कर्ज यांच्या आशेने आपले आधार आणि पॅन कोणाच्याही हाती देऊ नये. अशा कागदांवर बनावट कंपन्या काढून खोटी बिले फाडल्याची प्रकरणे देशभर उघडकीस आली आहेत आणि नोटीस मजुराच्या किंवा विद्यार्थ्याच्या नावे येते. आपल्या पॅनवर कोठे नोंदणी झाली आहे का, हे जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून कोणालाही विनामूल्य पाहता येते.

दर बदलत राहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे दर बहुतेक वस्तूंवरून गेले. जॅम, जेली, फळांचे रस यांच्यावरील १२ टक्के कर ५ टक्के झाला. तेव्हा आपल्या मालाचा दर वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावा. परंतु विवरणपत्र वेळेवर देण्याचा नियम बदललेला नाही. शाळेत हजेरीपट असतो, तसे विवरणपत्र हा आपल्या धंद्याचा हजेरीपट आहे. दुकानातील भिंतीवरच्या कॅलेंडरवर ११, १३, १८, २०, २२ आणि २५ यांपैकी आपल्याला लागू असलेल्या तारखांवर आजच लाल खूण करावी आणि त्या पाळाव्यात, एवढीच आपल्या व्यावसायिक बंधू-भगिनींना विनंती.