सलीम अली सरोवर

सलीम अली सरोवर : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या उत्तर भागातील एक जुना तलाव व पक्षिनिरीक्षणाचे स्थळ. तो दिल्ली दरवाजाजवळ, हिमायतबागेसमोर असून मोगल काळात खिजरी तलाव या नावाने ओळखला जाई. विख्यात भारतीय पक्षिवैज्ञानिक सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या सन्मानार्थ त्यास हे नाव देण्यात आले. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती. औरंगाबाद त्या वेळी याच संस्थानात मोडत होते.

काठ व पक्षी : तलावाचे पक्षिजीवन पाण्याच्या विस्तारापेक्षा काठाच्या स्वरूपावर अधिक अवलंबून असते. मराठवाड्यातील अशा उथळ तलावांत पाण्याच्या खोलीप्रमाणे पक्ष्यांची वाटणी झालेली दिसते. उघड्या पाण्यात टिबुकली बुडी मारून लहान मासे व कीटक पकडते. तेथेच वारकरी हा काळा पक्षी पाणवनस्पतींवर चरतो. त्याच्या कपाळावरील पांढरा पट्टा गंधासारखा दिसतो. पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी राहते. घोटाभर पाण्यात ढोकरी भक्ष्याची वाट पाहत निश्चल उभी असते, तर कडेच्या चिखलात शेकाट्या व तुतवार किडे टिपतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा थापट्या हा बदक पसरट चोचीने पाणी गाळून सूक्ष्म अन्न मिळवितो. काठ दगडी भिंतीने बांधून काढल्यास चिखल व पाणकणीस नाहीसे होतात आणि पाणी पूर्वीइतकेच राहूनही त्यांवर जगणारे पक्षी निघून जातात.

सकाळचे निरीक्षण : सूर्योदयाच्या सुमारास पक्षी भक्ष्यशोधार्थ बाहेर पडतात व रस्त्यावरील वर्दळ कमी असल्याने त्यांचे आवाजही ओळखता येतात. निरीक्षक एकटा असल्यास बोलणे टळते व पक्षी कमी बुजतात. तलावाच्या पूर्वेस उभे राहिल्यास सूर्य पाठीशी येऊन रंग स्पष्ट दिसतात. सूर्याकडे तोंड केल्यास केवळ काळ्या आकृती दिसतात. उघड्या पाण्यावरील थवे लवकर उडत असल्याने ते प्रथम मोजावेत व नंतर काठ न्याहाळावा. लपून वावरणाऱ्या पक्ष्यांसाठी एकाच जागी बराच वेळ थांबावे लागते. दिनांक, वेळ, हवामान, जाती व संख्या यांची नोंद जागेवरच करतात. ओळख न पटलेला पक्षी तसाच नोंदवितात. नेहमीचा पक्षी न दिसल्यास तेही लिहितात. एकट्या निरीक्षकाची चूक दाखविणारा सोबती नसतो. ही उणीव तोच मार्ग, तीच वेळ व तीच पद्धत पुनःपुन्हा पाळल्याने काही अंशी भरून निघते. सलीम अलींनी १९३० मध्ये किहीम (रायगड जिल्हा) येथे सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे असेच चिकाटीने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पूर्ण करतो व मग दुसरे विणू लागतो, हा क्रम त्यातून स्पष्ट झाला.

नोंदींचा अर्थ : पक्ष्यांची मोठी संख्या हे नेहमीच तलावाच्या आरोग्याचे लक्षण नसते. सांडपाण्यातून नायट्रोजन व फॉस्फरस यांची संयुगे आल्यास जलपर्णी व शैवले माजतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, परंतु श्वसन चालू राहते. त्यामुळे अशा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. गुदमरलेले मासे पृष्ठभागाशी येतात व त्यांवर बगळ्यांची गर्दी होते. एकाच सकाळी आलेल्यास ही समृद्धी वाटते. तथापि मागील वर्षांच्या नोंदी जवळ असलेल्या निरीक्षकास तो आपत्तीचा इशारा असल्याचे कळते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. तिच्यातून विस्तृत प्रदेशांची तुलना करता येते. मात्र शहरी तलाव एका ऋतूतही पालटू शकतो. पैठणच्या नाथसागरासारख्या विस्तीर्ण जलाशयापुढे अशा तलावावरील पक्षी थोडे असतात. परंतु वर्षभर नियमाने येणाऱ्या एका व्यक्तीस ते सर्व मोजता येतात. नोंदच नसल्यास एखादा पक्षी तलाव सोडून केव्हा गेला, हे पुढे सांगता येत नाही.