'हम्बल' म्हणजे नेमके कोण?

गेल्या वर्षी फीच्या सवलतीसाठी मला इंग्रजीत अर्ज लिहावा लागला. नमुना एका सीनिअरने दिला होता. त्यात 'आय हम्बली बेग टू स्टेट' असे वाक्य होते. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवले आणि सहीसाठी वडिलांपुढे ठेवले. वडील सालदार आहेत. सही करतात, वाचत नाहीत. त्यांनी विचारले, "काय लिवलं यात?" मी म्हटले, "नम्रपणे विनंती करतो, असं लिवलं." "नम्र म्हंजे वाकून ना?" एवढेच बोलून त्यांनी सही केली. मी मात्र त्या रात्री शब्दकोश उघडला.

'हम्बल'चे तिथे दोन अर्थ निघाले. एक नम्र, दुसरा हलक्या दर्जाचा. पहिला गुण आहे, दुसरी पायरी. मोठा माणूस हम्बल असला की त्याचे कौतुक होते. गरीब हम्बल असला तर त्यात कौतुक कसले? लॅटिनमध्ये 'ह्यूमस' म्हणजे माती. त्यावरून 'ह्यूमिलिस', म्हणजे मातीलगतचा, खालचा. अपमान करणे या अर्थाचा 'ह्यूमिलिएट' हाही त्याच घरचा. 'ह्यूमन' म्हणजे माणूस, हा शब्दसुद्धा त्याच मातीच्या गोत्यातला मानतात.

एकदा नाद लागला आणि मी असे शब्द वहीत टिपू लागलो. सर्वांत मोठा धक्का 'व्हिलन'ने दिला. सिनेमातला हा खलनायक मुळात शेतावरचा राबणारा माणूस. लॅटिन 'व्हिला' म्हणजे जमीनदाराचा शेतवाडा. तिथला तो 'व्हिलेनस'. मध्ययुगात तो धन्याच्या जमिनीला बांधलेला असे. धनी लोकांनी त्याचे नाव हलकटपणासाठी वापरता वापरता तो बदमाश होऊन बसला. त्या हिशेबाने माझे वडील 'व्हिलन' ठरतात! 'बूर' हाही मूळचा शेतकरीच, आता त्याचा अर्थ असभ्य माणूस. 'व्हल्गर' म्हणजे मुळात सर्वसामान्य लोकांचे, तर 'मीन' म्हणजे सर्वांचे, सामायिक; पुढे एक अश्लील झाला आणि दुसरा नीच व कंजूष. उलट 'जेंटल' म्हणजे चांगल्या कुळातला आणि 'नोबल' म्हणजे नामांकित, उच्चकुलीन. त्यांच्या वाट्याला सारे सद्गुण आले. शब्दकोशातही सातबारा असतो म्हणायचा.

पण इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. आपण काय वेगळे केले? सभेत बसणारा तो सभ्य, नगरात राहणारा तो नागर, आणि गावचा तो गावंढळ. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्यत्व' हा चक्क काव्याचा दोष आहे. 'कुणबी' हा शब्द कुटुंबवाला या अर्थाच्या 'कुटुंबिन्'वरून आला असे सांगतात, पण 'कुणबाऊ' म्हटले की समोरच्याला राग येतो. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'त पामर म्हणजे शेतात राबणारा माणूस. आज आपण सभेत 'मी पामर काय बोलणार' म्हणतो तेव्हा त्या बिचाऱ्याचीच गादी घेऊन बसतो. 'गरीब' तर अरबीतून आलेला. तिकडे त्याचा अर्थ परका, परदेशी. आपल्याकडे तो निर्धन झाला आणि वर मुकाट स्वभावाचाही झाला. गाय गरीब असते ती काही पैशाने नव्हे.

आणि हे सारे मी वाशीमला बसून लिहितो आहे, हीही गंमतच. आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या सर्वसेन राजाने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले. राजशेखराने तर इथल्या नावावरून सुंदर भाषाशैलीला 'वच्छोमी' म्हटले. त्याच गावाच्या शिवेबाहेरून आलेला मी पहिल्या वर्षी बाहेरगावच्या एका शिबिरात "मले सांगा" म्हणालो, तेव्हा मागच्या रांगेतून 'गावंढळ' असा शब्द ऐकू आला. पुढचे तीन दिवस मी तोंड उघडले नाही.

मग अशा शब्दांचे करायचे काय? मला एक उत्तर बाबासाहेबांच्या पत्रांच्या नावांत सापडले. १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढले, १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. जे नाव लाजेने लपवावे असे जगाला वाटत होते, ते त्यांनी मुखपृष्ठावर ठळक छापले. यात व्याकरणही पाहण्यासारखे आहे. 'नीच' हा शब्द माणूस कसा आहे ते सांगतो. 'बहिष्कृत' आणि 'दलित' ही कर्मणी भूतकाळवाचक रूपे आहेत. त्या माणसाला कोणी काय केले ते ती सांगतात. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'हरिजन' हे नाव गांधीजींनी प्रेमाने दिले, तरी ते दिलेले होते. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा तिचे नाव त्यांनी स्वतः निवडले: दलित पँथर. व्याकरणाचा तास मला एरवी कंटाळवाणा वाटतो, पण कर्मणी प्रयोग त्या दिवशी नीट कळला.

सकाळी मी अर्ज पुन्हा लिहिला. 'हम्बली' गाळला, 'बेग' म्हणजे भीक मागणे, तोही गाळला. 'मी विनंती करतो' एवढेच ठेवले. वडील बैल सोडायला निघाले होते. "पुन्हा सही कायले?" त्यांनी विचारले.

"कालच्यात एक शब्द चुकला होता."

"मंग आता बरोबर हाय ना?" म्हणून त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत आपले नाव लिहिले.