पनवेलला गाडी येईपर्यंत

कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरा वाजून गेल्यावर सुटते. पनवेलला पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. तिच्या मागोमाग दादरची तुतारी येते. उजाडायच्या सुमारास जनशताब्दी, मग दिव्याहून निघालेली सावंतवाडी गाडी, मग मांडवी. खारघर, कामोठे, कळंबोली, उरण, रसायनी इथं राहणारा कोकणी माणूस गाडी धरायला दादर-ठाण्याला कशाला जाईल? तो पनवेललाच येतो. रात्री उशिरा रिक्षा मिळेल की नाही, लोकल चुकेल का, या धास्तीनं तास-दोन तास आधीच येतो. गाडी उशिरानं धावत असेल तर हेच दोन तास चार होतात. पावसाळ्यात तर होतातच, कारण कोकण रेल्वे पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लावते आणि डोंगर कापून काढलेल्या भागांत गाड्यांचा वेग कमी ठेवते.

इतका वेळ ताटकळलेल्या माणसाला भूक लागणारच. ती भागवायला फलाटावर काय मिळतं आणि कुठं बसून खाता येतं, एवढाच या लेखाचा विषय आहे. मला तो लहान वाटत नाही.

वाट पाहणं पनवेलला नवीन नाही. आगगाडी येण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं तर माणसं मचव्यातून पनवेलच्या बंदराला उतरत आणि पुढं बैलगाडीनं खोपोली गाठून बोरघाट चढत. खाडीचा कारभार भरती-ओहोटीवर चालायचा, त्यामुळे मुक्काम ठरलेला. गावाला नगरपालिका मिळाली १८५२ साली, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याच्या एक वर्ष आधी. पुढं घाटातून रेल्वे झाली, ती कल्याण-कर्जतवरून गेली आणि पनवेल बाजूला पडलं. दिव्याहून पनवेलपर्यंत रूळ यायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. १९८६ मध्ये मार्ग रोह्यापर्यंत पोहोचला. १९९८ हे वर्ष मात्र पनवेलचं. २६ जानेवारीला रोह्यापासून खाली मंगळुरूकडे जाणारी कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली आणि त्याच वर्षी बेलापूरहून हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली. कर्जतकडचा फाटा नंतर जोडला गेला. एका बाजूला जुनं पनवेल, दुसऱ्या बाजूला सिडकोचं नवीन पनवेल आणि मध्ये हे जंक्शन, जिथं लोकलची माणसं आणि लांब पल्ल्याची माणसं एकमेकांत मिसळतात.

ही दोन वेगळी माणसं आहेत. सीएसएमटीहून पनवेलपर्यंतच्या लोकलला सुमारे ८० मिनिटं लागतात. त्या डब्यात स्वच्छतागृह नाही, पाणी नाही. उतरलेला माणूस स्टॉलवर कटिंग घेतो, वडापाव गुंडाळून घेतो आणि निघतो. त्याला खुर्ची नकोच असते. सावंतवाडीला निघालेल्या कुटुंबाचं तसं नाही. दोन बॅगा, एक गोणी, झोपाळलेलं मूल, गुडघे धरलेली आई. फलाटावरचा स्टॉल मात्र पहिल्या माणसासाठी बांधलेला असतो. चारी बाजूंनी काउंटर, पोटाच्या उंचीला स्टीलची फळी. काचेच्या कपाटात पिवळ्या बल्बखाली समोसे आणि वडे, खाली ट्रेमध्ये पाव. बाजूला नळाची चहाची टाकी, कागदी कपांची उतरंड, वर टांगलेल्या वेफर्सच्या माळा. गाडीची घोषणा झाली की विक्रेत्याचे हात कसे चालतात ते बघण्यासारखं असतं. पाव चिरायचा, सुकी लसणीची चटणी बोटानं फासायची, वडा दाबायचा, कागदात गुंडाळून वर मिरची ठेवायची, आणि तेवढ्यात डाव्या हातानं दुसऱ्याचे सुटे परत करायचे. हे कौशल्य आहे. त्याला मी मनापासून मान देतो.

स्टेशनावर कोणता पदार्थ रुजतो हे गाडीच्या थांब्यावर ठरतं. पनवेलहून गाडीनं गाठता येणारं कर्जत याचा उत्तम दाखला आहे. बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे. एकटं इंजिन तो चढू शकत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागं बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात. त्या जोडाजोडीत गाडी काही मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात खिडकीतून हातात पडेल, गरम असेल आणि ताट-वाटी मागणार नाही असा पदार्थ हवा. तो बटाटेवडा ठरला. दिवाडकरांचा वडा पिढ्यान् पिढ्या पुण्या-मुंबईच्या प्रवाशांच्या तोंडी आहे. त्या वड्याचा अर्धा मान मी घाटाच्या चढालाच देईन. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. तिथं गाडी थांबायचा प्रश्न नव्हता, माणूसच थांबायला तयार नव्हता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात जेवण.

पनवेलचा थांबा या दोन्हींहून वेगळा आहे. इथं गाडी थोडाच वेळ थांबते, माणूस फार वेळ थांबतो. उसळ-पाव, वरणभात, मिसळ, भाकरी हे उभ्यानं खायचे पदार्थ नव्हेत. त्यांना टेबल लागतं. म्हणजे पनवेलला स्टॉलच्या जोडीला खरी गरज आहे ती साध्या, स्वस्त, बसून खाता येईल अशा उपाहारगृहाची.

बसून खायची सोय कुणासाठी, हा प्रश्न भारतीय रेल्वेच्या जन्मापासूनचा आहे. ब्रिटिशकाळातल्या जीआयपी रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर ब्रँडन कंपनीच्या रिफ्रेशमेंट रूम होत्या. टेबलक्लॉथ, काटेचमचे, सूप. तिथं साहेब बसायचा. तिसऱ्या वर्गाचा प्रवासी फलाटावर पाटीवाल्याकडून जे मिळेल ते घ्यायचा. पाणीसुद्धा ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या भांड्यांतून मिळायचं, चहाचीही तीच गत. गांधीजींनी १९१७ साली मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं प्रवास केला. तिकिटाचे १३ रुपये ९ आणे मोजले आणि मग त्या प्रवासावर सविस्तर लिहिलं. त्यात गर्दी आणि घाण यांच्याबरोबर स्टेशनावरच्या खाण्याबद्दलही तक्रार आहे. माश्या बसलेले पदार्थ, मळके हात, आणि चहा म्हणून दिलेलं पाणी त्यांना चहा म्हणवेना. गांधीजींचं म्हणणं असं होतं की पैसे मोजून प्रवास करणाऱ्या गरिबाला माणसासारखं वागवणं हे रेल्वेचं कर्तव्य आहे.

याहून कठोर साक्ष आपल्या साताऱ्याकडची आहे. १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे कोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. चांगल्या कपड्यांतली मुलं पाहून स्टेशनमास्तरनं आस्थेनं चौकशी केली. मुलं महार आहेत हे कळताच तो मागं सरला. पुढं बैलगाडीच्या प्रवासात जवळ घरून बांधून दिलेलं अन्न होतं, पण पाणी कुणी देईना, म्हणून ते अन्न तसंच राहिलं आणि मुलं उपाशी झोपली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः सांगितला आहे. तो वाचल्यावर फलाटावरची स्टीलची फळी मला वेगळी दिसू लागली. तिथं शेजारी कोण उभा आहे हे कुणी विचारत नाही. एकाच टाकीतला चहा, एकच रांग, एकच भाव. शंभर-सव्वाशे वर्षांत एवढं घडलं आहे आणि ते फार मोठं आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली अळगेसन समितीनं रेल्वेतल्या खानपानाचा विचार केला आणि त्यानंतर काही ठिकाणी रेल्वेनं स्वतः उपाहारगृहं चालवायला घेतली. रेल्वेच्या कॅन्टीनमध्ये बाकावर बसून पुरी-भाजी खाल्लेली पिढी आजही आहे. पुढं १९९९ मध्ये आयआरसीटीसी स्थापन झाली. खानपान कधी तिच्याकडे गेलं, २०१० च्या धोरणानं पुष्कळसं विभागीय रेल्वेकडे परत आलं, २०१७ मध्ये पुन्हा आयआरसीटीसीकडे. या शेवटच्या धोरणाच्या वेळी रेल्वेमंत्री होते कोकणातलेच सुरेश प्रभू. त्या धोरणाचा गाभा असा की अन्न शिजवणं एकाकडे आणि वाटणं दुसऱ्याकडे. मोठ्या बेस किचनमध्ये शिजवायचं आणि गाडीत पोहोचवायचं. छोट्या स्टॉलच्या वाटपात स्त्रियांसाठी ३३ टक्के उपकोटाही त्यात होता. स्वच्छतेच्या दृष्टीनं ही दिशा चूक नव्हती. पण बंद डब्यातलं जेवण एकदा मुख्य झालं की टेबल-खुर्चीची जागा कुणाच्या हिशेबात राहत नाही.

भावांची बाजू त्या मानानं बरी आहे. २०१९ च्या दरपत्रकाप्रमाणे स्टेशनावर साधा चहा १५० मिलिलिटर ५ रुपयांना, शाकाहारी नाश्ता ३५ रुपयांना आणि शाकाहारी थाळी ७० रुपयांना. ‘रेल नीर’ची लिटरची बाटली वर्षानुवर्षं १५ रुपयांना होती, सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना झाली. २०२३ मध्ये जनरल डब्यांसमोर काउंटर लावून सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं २० रुपयांत द्यायची योजना आली. बिल दिलं नाही तर पैसे देऊ नका, अशा पाट्याही लागल्या. हे भाव प्रवाशानं तोंडपाठ ठेवावेत, मागून घ्यावेत. स्वस्त खाणं हा इथं उपकार नाही, ती जाहीर केलेली सोय आहे.

स्वच्छतेची काळजीही खरी आहे. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्टेशनावर लिंबू सरबत कसं बनतंय याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि मध्य रेल्वेनं स्टेशनांवर असं सुटं सरबत विकायलाच बंदी घातली. बंदीचं कारण मला मान्य आहे. पण त्यामुळे उन्हातान्हातल्या माणसाला परवडणारं एक पेय गेलं आणि फ्रिजमधल्या बाटल्या उरल्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कोकणच्या दारातल्या या स्टेशनावर शुद्ध पाण्यातलं, झाकलेल्या भांड्यातलं कोकम सरबत दहा-पंधरा रुपयांत मिळणं अशक्य का असावं?

बसून, नीट वाढलेलं खाण्याची परंपरा रेल्वेत पूर्ण मेलेली नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आजही डायनिंग कार आहे. २०२२ मध्ये नवे डबे आले तेव्हा तिथल्या खुर्च्या ३२ वरून ४० झाल्या. कटलेट, चीज टोस्ट, आम्लेट टेबलावर येतं. ती गाडी पनवेलवरून जात नाही. पनवेलवरून जाते ती मांडवी, आणि खाण्यासाठी तिचं नाव कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. कांदेपोहे, मेदूवडा, कटलेट, भजी एकामागून एक डब्यातून फिरत राहतात. पनवेलला चढलेली माणसं बॅगा सीटखाली सारतात न सारतात तोच नाश्त्याची हाक येते. ज्या प्रवाशानं फलाटावर दोन तास वेफर्सवर काढले, तो गाडीत बसल्यावर पोटभर खातो. म्हणजे मागणी आहे, पैसे आहेत, चवही आहे. फक्त फलाटावर जागा नाही.

आता पनवेल पुन्हा बदलतं आहे. पनवेल-कर्जत हा २९.६ किलोमीटरचा उपनगरीय मार्ग एमयूटीपी-३ या मुंबईच्या वाहतूक प्रकल्पातून तयार होतो आहे, लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी टर्मिनसची आखणी आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जवळच नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं. स्टेशनाची नवी इमारत उभी राहील तेव्हा फूड कोर्ट येईल, काचेचं लाउंज येईल, तासावर पैसे घेऊन खुर्ची मिळेल. माझी भीती ही आहे की ब्रँडनच्या काळासारखी बसायची जागा पुन्हा खिशावर ठरेल आणि बाकीचे गोणीवर बसून बिस्किटं खातील. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पनवेलहून चिपळूण-रत्नागिरीकडे जादा गाड्या सुटतात तेव्हा हे चित्र कुणीही पाहावं. म्हातारी माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेली असतात.

मागणं मोठं नाही. कोकणच्या गाड्या लागतात त्या फलाटालगत तीस-चाळीस बाकांची एक खोली, धुता येतील अशी टेबलं, हात धुवायला नळ, भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत दरपत्रक. शेवटची कोकणची गाडी जाईपर्यंत, म्हणजे रात्री दोनपर्यंत उघडी आणि पहाटे जनशताब्दीच्या आधी पुन्हा सुरू. मध्यरात्री गरम वरणभात किंवा पेज, सकाळी पोहे, दुपारी वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी, बाजूला पेणचे पोह्याचे पापड. चालवायला रायगडातल्या बचत गटाच्या बायका मिळतील. स्थानिक वस्तूंसाठी ‘एक स्थानक एक उत्पादन’ ही योजना २०२२ पासून आहेच. भाडं मात्र त्यांना परवडेल असं ठेवावं लागेल, नाहीतर पहिल्याच निविदेत त्या बाहेर पडतील आणि काउंटरवर पुन्हा वेफर्सच्या माळा लागतील.