चाल तीच, निकाल वेगळा का?

पावसाळ्यात चिखलदऱ्याला धुकं उतरलं की देवी पॉइंटवरून दरी दिसत नाही. मग मुलं खोलीत बसून मोबाइलवर जुने खेळ काढतात. अमेरिकन फुटबॉलच्या अशा खेळात एकच चाल दोनदा दिली, तर एकदा संघ पुढे सरकतो, एकदा अडतो. असं का?

बेसिक या संगणकभाषेचे एक जनक जॉन केमेनी यांनी १९६५ मध्ये डार्टमथ कॉलेजात असा खेळ लिहिला. त्यात चित्रं नव्हती. सात चालींपैकी एकीचा आकडा टाइप करायचा. निकाल शब्दांत छापून येई.

प्रत्येक चालीचा एक चिठ्ठ्यांचा डबा आहे असं समजा. साध्या धावेच्या डब्यात ‘थोडं पुढे’च्या चिठ्ठ्या जास्त, लांब पासच्या डब्यात ‘हुकला’ बऱ्याच, पण मोठी मजल मारणाऱ्याही काही. चिठ्ठी उचलायची कशी? संगणक एका आकड्याला गुणतो, भागतो आणि उरलेली बाकी वापरतो. पुढच्या वेळी त्या बाकीवर तेच गणित. आकडे विस्कळीत दिसतात, तरी ते ठरलेलेच असतात! सुरुवातीचा आकडा आणि चाली त्याच ठेवल्या, तर सामना हुबेहूब तसाच घडतो. म्हणून अनेक खेळ तो आकडा घड्याळातून किंवा बटण दाबल्याच्या क्षणावरून घेतात.

इतक्या थोड्या गणितातून उभी राहणारी ही अनिश्चितता मला फार देखणी वाटते. कागद-पेन्सिल घेऊन हे गणित मुलांसोबत जरूर करून पाहा.