चेकॉव्हची 'लाडकी': हसायचं की हळहळायचं?

चेकॉव्ह वाचून झाल्यावर 'बरं, मग?' असं वाटणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खुद्द टॉलस्टॉयला त्याची नाटकं पसंत नव्हती. पण त्याच टॉलस्टॉयला 'दुशेच्का', म्हणजे 'लाडकी', ही १८९९ सालची कथा इतकी आवडली, की तो ती इतरांना मोठ्याने वाचून दाखवायचा. आज आपण मुख्यतः या कथेपाशीच थांबूया.

ओलेन्का या बाईला स्वतःचं मत म्हणून नाहीच. पहिला नवरा नाटकाचे खेळ लावणारा. तेव्हा जगात नाटकाइतकं महत्त्वाचं काही नाही, असं ती सांगत सुटते. तो वारतो. दुसरा लाकडाच्या वखारीतला. आता तिच्या स्वप्नातही फळ्या आणि तुळया! मग एक जनावरांचा डॉक्टर. त्याच्या मित्रांसमोर ही गुरांच्या रोगांवर बोलू लागते आणि तो पाहुणे गेल्यावर तिच्यावर चिडतो. तोही बदली होऊन जातो, आणि ओलेन्काकडे बोलायलाच काही उरत नाही.

यावर आपण हसतो. हसावं अशीच कथा सुरू होते. गॉर्कीला ओलेन्कात गुलामी दिसली. टॉलस्टॉय म्हणाला नेमकं उलटं: लेखक निघाला होता तिची टर उडवायला, पण हातून झाला तिचा गौरव. आम्हाला टॉलस्टॉयचं अर्धंच पटतं. बाई म्हणजे असंच प्रेम करणारी, हा त्याचा आग्रह कथेत नाही, तो त्याच्या पदरचा आहे. पण हसू मध्येच अडकतं, हे त्याने बरोबर हेरलं.

नाटकांचंही तेच झालं. १८९६ साली पीटर्सबर्गमध्ये 'सीगल'चा पहिला प्रयोग एका लोकप्रिय विनोदी नटीच्या सन्मानार्थ लावला होता. लोक हसायला आले होते, नाटक कोसळलं. दोनच वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक उचलून धरलं. पुढे १९०४ मध्ये 'चेरी ऑर्चर्ड' आलं. त्याला चेकॉव्ह कॉमेडी म्हणत होता, तर स्टॅनिस्लाव्हस्कीला ती शोकांतिका वाटली. घरातलीच माणसं, तीही एकमत नाहीत!

चेकॉव्हचं म्हणणं होतं की लेखकाने प्रश्न नीट मांडावा, तो सोडवणं त्याचं काम नाही. आता हे म्हणजे हात झटकणं नव्हे का, अशी शंका रास्त आहे. म्हणून परत ओलेन्काकडे. शेवटी ती डॉक्टरच्या लहान मुलावर, साशावर, जीव लावते. शाळेपर्यंत त्याच्या मागे जाते. त्याला लाज वाटते. रात्री दारावर थाप पडली की मुलाची आई त्याला बोलावून घेतेय, या भीतीने तिचं काळीज थंड पडतं. थाप त्याच्या बापाची निघते. ती निश्चिंत होऊन आडवी होते, आणि पलीकडच्या खोलीत साशा झोपेत कुणाला तरी दटावत असतो. शाळेतल्या पोराला, की हिला? कथा तिथेच संपते.